दातोंगची तटबंदी खोटी म्हणे!

पायपीट: परवा इथेच कुणीतरी ठोकून दिलं, "चीनमधलं दातोंग शहर म्हणजे सिनेमाचा सेट. जवळची युनगांगची बौद्ध लेणी बघा, संध्याकाळच्या गाडीने सटका." अहो, लेणी खोदणाऱ्या उत्तर वेई घराण्याची राजधानी हेच शहर, 398 ते 494! राजधानी लुओयांगला गेली म्हणून गाव ओस नाही पडलं. पुढे खितान लोकांच्या लियाओ घराण्याचीही ही पश्चिम राजधानी. हुआयान मठात 1038 चं लाकडी दालन उभं आहे. आत एक बोधिसत्त्व ओठ विलग करून हसतोय, चक्क दात दिसतात. मठाचं तोंड दक्षिणेऐवजी पूर्वेला, कारण बांधणारे खितान सूर्याला मानणारे. हाही सेट का?

काळापत्थर: पोस्ट माझी. मठाचं नावही घेतलं नव्हतं, तटबंदीबद्दल बोललो. 2008 साली आलेल्या महापौर गंग यानबोंनी वस्त्याच्या वस्त्या उठवल्या आणि कोरी करकरीत विटांची भिंत उभी केली. याला वारसा म्हणायचं?

पायपीट: आत 1372 च्या मिंगकालीन तटाची चोपलेली माती आहे. वरच्या विटा लोकांनीच घरांसाठी काढून नेल्या होत्या. नव्या विटांचं फक्त आवरण आहे.

काळापत्थर: म्हणजे अस्सल ते झाकलं, नक्कल ती दाखवली. माझाच मुद्दा मांडलात, आभारी आहे.

चंद्रपूरकर: कोळशाचं शहर, भोवती जुना तट... हे तर आमचंच वर्णन! संध्याकाळी जटपुरा गेटातून दुचाकी काढून दाखवा. तो महापौर आठवडाभर इकडे पाठवा.

घरदार: पाठवा की. मग तुमचंच घर तटाला लागून निघालं की बोलू. माझ्या मामाचं घर रस्तारुंदीत गेलं. मोबदल्यासाठी हेलपाटे घालून चपला झिजल्या, मामी भाड्याच्या खोलीतच गेली. भिंत कशी दिसते ते घर गेलेल्यांना विचारा.

पायपीट: 2013 ला गंग यांची ताइयुआन शहरात बदली झाली, तेव्हा "जाऊ नका" म्हणत लोक रस्त्यावर उतरले होते. तेही दातोंगकरच.

घरदार: ज्यांची घरं शाबूत होती ते उतरले असतील.

चंद्रपूरकर: ताई, मामांचं वाईट वाटलं, पण मी वाहतुकीबद्दल बोलतोय.

घरदार: मी ताई नाही. आणि मामाचं घर वाहतुकीसाठीच गेलं!

वेरूळवेडा: भांडा तुम्ही. युनगांगचा दगड वालुकाश्म, मऊ. समोरून कोळशाचे ट्रक जायचे, मूर्तींच्या खांद्यांवर, मांड्यांवर काळा थर बसायचा. शेवटी रस्ताच दुसरीकडे वळवला. आपला बसाल्ट बरा. आणि लेण्यांची कल्पना आपल्याकडूनच गेली हे कुणी बोलतच नाही.

पायपीट: आलंच "आपल्याकडून"! परंपरा मध्य आशियातून गेली, कबूल. पण तानयाओ भिक्षूने 460 च्या सुमारास पहिली पाच लेणी काढली, त्याच शतकात अजिंठ्यात वाकाटकांचे कारागीर छिन्नी चालवत होते. कुणी कुणाचं बघून काढलं? शिवाय ते पाच बुद्ध वेई सम्राटांच्या नावे आहेत. असं अजिंठ्यात दाखवा.

वेरूळवेडा: दाखवत नाही. तुम्ही फार वाचलंय, छान.

पायपीट: आणि काळापत्थर, लेणी तेवढी अस्सल ना? प्रवेशाजवळचं तळं आणि त्यातलं देऊळ याच महापौरांच्या काळातलं. तिथला सेल्फी तुमच्या पोस्टमध्ये आहे.

काळापत्थर: बरं बुवा, पुढच्या वेळी मठाला अर्धा दिवस देतो. तटावर चढणार नाही म्हणजे नाही.

चंद्रपूरकर: गेटाच्या वाहतुकीचं राहिलंच.