स्टेंटनंतरही हृदयाचा आकार बदलतो

‘स्टेंट घातला की हृदय पहिल्यासारखं होतं, मग सगळ्या गोळ्या कशाला’ असं बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. स्टेंटने (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीने) हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी होते, हार्ट अटॅकमध्ये मेलेला स्नायू परत येत नाही. तिथे व्रण धरतो, तो भाग पातळ होऊन ताणला जातो. मग पुढच्या काही महिन्यांत हृदयाचा लांबट डावा खालचा कप्पा फुगून गोल होत जातो. कप्पा जितका मोठा, तितका भिंतीवर ताण जास्त, आणि त्या ताणाने तो आणखी फुगतो. हे चक्र गोळ्यांनीच आवरतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीच्या चाचणीत हार्ट अटॅकनंतर पंपिंग कमी झालेल्या २२३१ रुग्णांमध्ये मृत्यू १९ टक्क्यांनी कमी झाले होते.

आमच्या देवगडच्या काकांनी आंब्याच्या हंगामात बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या. स्टेंट घालून घरी आले तेव्हा इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं जितकं रक्त बाहेर जातं ते, ४० टक्के होतं (निरोगी माणसाचं साधारण ५५च्या वर). पावसाळ्यात पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली, इकोत ३० निघालं. पुन्हा गोळ्या सुरू केल्यावर वर्षभराने ३८ झालं, कप्पाही थोडा आकसला. इकोसाठी आम्हाला गोव्याला जावं लागतं, तरी दर सहा महिन्यांनी नेतोच.