शत्रुराष्ट्रावर निर्बंध: आधी काय, नंतर काय आणि गळती कुठून?

काठावरचा

एखाद्या हुकूमशाही देशानं शेजाऱ्यावर हल्ला केला की लोकशाही देश कडक निर्बंध जाहीर करतात. मग सहा महिन्यांत लेख येऊ लागतात की निर्बंधांनी काहीच साधलं नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं असं म्हणतात, पण रशियाचं नाक २०२२ पासून दाबलेलं आहे आणि तोंड उघडायची चिन्हं नाहीत. नाक नीट दाबलेलं नाही, की दाबण्यातच अर्थ नाही, हे समजून घ्यायचंय.

१) निर्बंध कुठल्या क्रमानं लावतात? स्विफ्टमधून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून) बाहेर काढलं म्हणजे नक्की काय होतं?
२) रशियन तेलावर बॅरलमागे ६० डॉलरची मर्यादा घातली, ती पाळतं कोण आणि तपासतं कोण?
३) चिप आणि यंत्रं बंदी असूनही पोचतात कशी?
४) समोरचा देशच उलट आर्थिक दबाव आणू लागला तर?
५) हे सगळं चालू असताना बोलणी ठेवायची की तोडायची?

"ठोकून काढा" किंवा "चर्चेनं सगळं सुटतं" एवढंच म्हणायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा. यंत्रणा कशी चालते ते हवंय.

---

खातेवही

पहिल्या प्रश्नाआधी एक गोष्ट ठरवावी लागते: निर्बंध कशासाठी? समोरच्याचं वागणं बदलायला, त्याची ताकद घटवायला, की बाकीच्यांना इशारा म्हणून? या तिन्हींचं यश वेगवेगळ्या मापानं मोजावं लागतं. रशियावरचे बहुतेक निर्बंध २०२२ च्या वसंतानंतर ताकद घटवण्यासाठी आहेत, पण त्यांचा हिशेब "पुतिन मागे हटले का?" या प्रश्नानं मांडला जातो. मग ते फसलेलेच दिसणार.

आता क्रम. पैसा आधी, माल नंतर. पैसा काही तासांत हलतो, म्हणून मालमत्ता गोठवायची ती पूर्वसूचना न देता आणि सगळ्या मित्रदेशांनी एकदम. २४ फेब्रुवारी २०२२ ला हल्ला झाला आणि चारच दिवसांत रशियन मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी अडकली. २०१४ नंतर रशियानं डॉलरचा वाटा बराच कमी केला होता आणि सोनं स्वतःच्या तिजोरीत ठेवलं होतं. ते सोनं वाचलं. युरोतली ठेव मात्र युरोपातच होती, तिचा सगळ्यात मोठा भाग बेल्जियममधल्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे. गोठवणं आणि जप्त करणं यांत कायद्याच्या दृष्टीनं मोठं अंतर आहे, कारण परक्या सरकारच्या मालमत्तेला संरक्षण असतं. म्हणून जी-७ देशांनी २०२४ मध्ये मुद्दलाला हात न लावता त्यावरच्या उत्पन्नाच्या आधारे युक्रेनला ५० अब्ज डॉलरचं कर्ज द्यायचं ठरवलं.

स्विफ्टबद्दल प्रचंड गैरसमज आहे. स्विफ्टमधून पैसे जात नाहीत, पैशांबद्दलचे संदेश जातात. बाहेर काढलेली बँक दुसऱ्या मार्गानं संदेश पाठवू शकते. काम मंदावतं आणि महाग होतं, थांबत नाही. खरा घाव बसतो तो डॉलर किंवा युरोमधलं प्रतिनिधी-बँकेचं खातं (त्या चलनात व्यवहार करण्यासाठी परदेशी बँकेत उघडलेलं) बंद झाल्यावर. मार्च २०२२ मध्ये सात रशियन बँका स्विफ्टबाहेर गेल्या, पण गॅझप्रॉमबँक आत राहिली, कारण युरोप गॅसचे पैसे तिच्यातून भरत होता. तिच्यावर अमेरिकेनं पूर्ण निर्बंध घातले ते थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये. एवढं मोठं दार उघडं ठेवून खिडक्या बंद केल्याचा गाजावाजा झाला.

त्यामानानं डिसेंबर २०२३ चा अमेरिकी आदेश कमी गाजला, पण जास्त बोचला. रशियाच्या लष्करी उद्योगाचे व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशातल्या बँकेचं डॉलर खातं जाऊ शकतं, एवढंच त्यात होतं. त्यानंतर तुर्कस्तान, अमिराती आणि चीनमधल्या बँकांनी रशियाशी संबंधित पेमेंट आपणहून अडवायला सुरुवात केली.

मालकीच्या नियमातली फट पण लक्षात घ्या. अमेरिकेत निर्बंधांच्या यादीतल्या व्यक्तींचा मिळून ५० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेली कंपनी आपोआप अडकते. मग रातोरात १-२ टक्के बायको-मुलांच्या किंवा व्यवस्थापकाच्या नावावर करून हिस्सा ४९ वर आणला जातो. ब्रिटन आणि युरोपीय संघ मालकीसोबत नियंत्रणही तपासतात. ते जास्त बरोबर आहे, पण सिद्ध करायला अवघड.

आणि घाई नडते ती अशी: एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेनं रुसाल या रशियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीवर निर्बंध घातले. जागतिक बाजारात अ‍ॅल्युमिनियमचा भाव काही दिवसांत सुमारे ३० टक्के चढला. मुदतवाढीवर मुदतवाढ देत शेवटी जानेवारी २०१९ मध्ये ते उठवावे लागले. (मालकानं नियंत्रण सोडलं, हे कागदावरचं कारण.) पर्यायी पुरवठा कुठून येणार याचं गणित आदेशाच्या आधी करायचं असतं.

---

सुकाणू

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ही मर्यादा रशियावर नाही, सेवा देणाऱ्यांवर आहे. जगातल्या समुद्रगामी जहाजांच्या टनेजपैकी सुमारे ९० टक्क्यांचा दायित्व विमा एकाच आंतरराष्ट्रीय गटातले क्लब (जहाजमालकांच्या परस्पर-विमा संस्था) उतरवतात आणि त्यांचं मुख्य काम पाश्चिमात्य कायद्यांखाली चालतं. ५ डिसेंबर २०२२ पासून नियम असा: कच्चं तेल बॅरलला ६० डॉलर किंवा कमी दरानं विकलं असेल तरच विमा, जहाज, दलाली, कर्ज द्या. तेल बाजारात येत राहावं आणि रशियाची मिळकत मात्र घटावी, असा दुहेरी हेतू. पूर्ण बंदी घातली असती तर भाव भडकून उरलेल्या तेलावर रशियानं जास्तच कमावलं असतं.

तपासणी तीन पायऱ्यांची. व्यापाऱ्याला भाव थेट माहीत असतो, त्यानं बिलं जपायची. जहाजाचे एजंट आणि बँका भाव विचारू शकतात, त्यांनी विचारायचा. विमा कंपनीला भाव कळतच नाही, तिनं फक्त लेखी हमी घ्यायची. गडबड इथेच. तेल ५९ डॉलरला दाखवून वाहतूक आणि विम्याचे आकडे फुगवायचे, म्हणजे फरक दुसऱ्या खात्यातून विक्रेत्याकडे परत. डिसेंबर २०२३ मध्ये या जोडखर्चांचा तपशील मागायचा नियम आला, तो वर्षभर उशिरा.

दुसरी वाट छुप्या ताफ्याची. १५ वर्षांहून जुने टँकर, मालक कुठल्यातरी बेटावरची कागदी कंपनी, झेंडा दर काही महिन्यांनी बदललेला, ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद किंवा खोटी जागा दाखवणारं, आणि भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल. अशा जहाजाला पाश्चिमात्य विमा लागतच नाही, मग मर्यादा लागू कशी होणार? यावर सर्वांत परिणामकारक ठरतं ते एकेका जहाजाला त्याच्या आयएमओ क्रमांकासह (जहाजाचा कायमचा ओळख-क्रमांक) निर्बंधांच्या यादीत टाकणं. नाव आणि झेंडा बदलता येतो, तो क्रमांक नाही. यादीत आलेल्या जहाजाला बंदरं आणि खरेदीदार टाळू लागतात.

६० डॉलरचा आकडा बाजार खाली आला तरी तसाच राहिला, ही मूळ रचनेतली चूक. युरोपनं सप्टेंबर २०२५ पासून तो ४७.६ केला आणि पुढे सरासरी भावाच्या १५ टक्के खाली राहील असं सूत्र बसवलं. हे पहिल्या दिवसापासून हवं होतं.

या ताफ्याचा धोका फक्त महसुलाचा नाही. २५ डिसेंबर २०२४ ला फिनलंड-एस्टोनियामधली एस्टलिंक-२ वीजकेबल तुटली. ईगल एस या टँकरनं नांगर फरफटत नेल्याचा संशय होता. फिनलंडनं जहाजावर माणसं उतरवून ते ताब्यात घेतलं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयानं अधिकारक्षेत्र नाही म्हणून खटला काढून टाकला, कारण घटना प्रादेशिक समुद्राबाहेरची. तिथे खटल्याचा अधिकार मुख्यतः झेंड्याच्या देशाकडे जातो, आणि झेंडा होता कुक बेटांचा. किनाऱ्यावरच्या देशांना हा कायदा बदलून घ्यावा लागेल. तोवर गस्त, केबल-दुरुस्तीची जहाजं आणि सुटे भाग जवळ ठेवणं एवढंच हातात आहे.

---

गाळणी

तिसरा प्रश्न. बंदीतल्या ज्या वस्तू रणांगणावर सापडतात, त्यांची अमेरिका, युरोप, ब्रिटन आणि जपाननं मिळून सामायिक यादी केली आहे: ५० सीमाशुल्क कोड. सर्वांत वरच्या गटात चारच आणि चारही ८५४२ खालचे, म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट. अडचण अशी की क्षेपणास्त्रात निघालेल्या कित्येक चिप सर्वसाधारण वापराच्या असतात. उत्पादक वितरकाला विकतो, वितरक उपवितरकाला, तिथून पुढे माल कुठे गेला याची नोंद उत्पादकाकडे नसते. २०२२ नंतर किर्गिझस्तान, आर्मेनिया, कझाकस्तानकडे जाणारी युरोपीय निर्यात अचानक फुगली ती तिथल्या कारखान्यांसाठी नव्हे.

निर्यातदारानं बघायच्या खुणा: फेब्रुवारी २०२२ नंतर नोंदलेली खरेदीदार कंपनी, तिचा पूर्वीचा धंदा वेगळाच, यंत्र बसवायला किंवा शिकवायला माणूस नको म्हणणं, पत्ता माल-वाहतूकदाराचा, पैसे तिसऱ्याच देशातून. मार्च २०२४ पासून युरोपीय निर्यातदाराला ठरावीक मालाच्या करारात "रशियाला पुनर्निर्यात नाही" ही अट घालावी लागते. पण अट मोडल्याचं कळणार कसं? माल पोचल्यावर जाऊन बघणारी माणसं लागतात आणि ती फार थोडी आहेत.

माझ्या मते चिपपेक्षा संगणकनियंत्रित यंत्रांवर जोर द्यायला हवा. चिप खिशातून जाते. पाच अक्षांचं मिलिंग यंत्र (धातू कापून आकार देणारं) काही टनांचं असतं, त्याला सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि अधूनमधून अचूकता तपासणारा तंत्रज्ञ लागतो. १९८७ मध्ये उघड झालेलं तोशिबा-काँग्सबर्ग प्रकरण हेच सांगतं: जपानी मिलिंग यंत्रं, नॉर्वेची नियंत्रणं, आणि सोव्हिएत पाणबुड्यांचे पंखे कमी आवाजाचे. तेव्हा कोकॉम नावाची पाश्चिमात्य गटाची सामायिक निर्यात-नियंत्रणव्यवस्था होती, तरीही हे झालं. १९९४ मध्ये तीही बंद झाली. तिच्या जागी आलेल्या वासेनार व्यवस्थेत कुणाला दुसऱ्याचा निर्णय रोखता येत नाही आणि रशिया स्वतः सदस्य आहे!

शून्य पुरवठा हे ध्येय ठेवू नका. किंमत वाढणं, उशीर होणं, दर्जा घसरणं, हेच मोजायचं.

---

दुसरी_बाजू

चौथा प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित. तीन उदाहरणं पुरेशी आहेत.

जपान, २०१०: जपान-चीन वादातल्या सेनकाकू बेटांजवळ चिनी बोटीची धडक झाल्यानंतर चीनकडून येणारी दुर्मिळ खनिजं अडली. जपाननं साठे केले, वापर कमी करणारं तंत्र शोधलं आणि २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत सरकारी पाठबळानं २५ कोटी डॉलर घातले. चीनवरचं अवलंबन घटलं, पण अनेक वर्षं लागली आणि ते संपलेलं नाही. खाण उघडणं त्यातल्या त्यात सोपं. खनिजं वेगळी करणारे कारखाने उभे करणं अवघड.

ऑस्ट्रेलिया, २०२०: कोविडच्या उगमाची चौकशी मागितल्यावर चीननं बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क लावलं, मग वाइन, कोळसा. लोहखनिजाला हात लावला नाही, कारण त्याची चीनला स्वतःलाच गरज होती. बार्ली आणि कोळसा दुसरीकडे वळला, कारण तो माल सगळीकडे सारखाच. वाइनला मात्र जबर फटका बसला. ब्रँड आणि चव एका बाजारासाठी घडवलेली असते. बार्लीचं शुल्क ऑगस्ट २०२३ मध्ये आणि वाइनचं मार्च २०२४ मध्ये गेलं.

लिथुआनिया, २०२१: तैवानचं कार्यालय उघडू दिल्यावर या देशाचं नावच चिनी कस्टम्सच्या प्रणालीतून गायब झालं. थेट व्यापार थोडाच होता. खरा दबाव आला जर्मन कंपन्यांवर, "लिथुआनियाचे सुटे भाग वापरू नका" म्हणून. म्हणजे मित्राकडूनच गळा आवळायचा. या अनुभवानंतर युरोपीय संघानं दबावविरोधी कायदा जोरानं पुढे नेला आणि तो डिसेंबर २०२३ मध्ये लागू झाला. त्यात एका सदस्यावरच्या दबावाला सगळा संघ शुल्क किंवा सरकारी खरेदीतली बंदी घालून उत्तर देऊ शकतो, तेही एकमताऐवजी बहुमतानं.

गॅसचं पण तेच. २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या आयात गॅसपैकी सुमारे ४५ टक्के रशियाचा होता, आणि जर्मनीतला रेडेनचा गॅससाठा गॅझप्रॉम या रशियन सरकारी गॅस कंपनीच्याच ताब्यात. त्या वर्षी तो रिकामा राहिला तरी ते फारसं मनावर घेतलं गेलं नाही. लिथुआनियानं मात्र २०१४ मध्येच क्लायपेडा बंदरात तरंगतं एलएनजी (द्रवरूप गॅस) टर्मिनल आणलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये रशियन गॅस पूर्ण बंद करणं त्यामुळेच जमलं.

---

काठावरचा

सगळ्यांचे आभार, प्रतिसाद जपून ठेवलेत. पाचवा प्रश्न उरला. आणि एक जोडप्रश्न: लावलेले निर्बंध उठवायचे कधी आणि कुणी?

---

खातेवही

बोलणी दोन प्रकारची असतात, त्यांची गल्लत नको. सवलतींची बोलणी थांबवता येतात. अपघात टाळणारे संपर्क कधीच तोडू नयेत. वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन १९६३ ची, क्युबा पेचानंतरची. तीही सुरुवातीला टेलिफोन नव्हे, टेलिप्रिंटर, म्हणजे भाषांतराची चूक किंवा रागाचा सूर आड येऊ नये. १९७२ मध्ये त्याच दोघांत समुद्रातल्या घटनांबाबत करार झाला, त्यात नुसते जहाजांचे नियम: किती जवळ यायचं नाही, तोफा कुणावर रोखायच्या नाहीत, सिग्नल कुठले. वर्षातून एकदा दोन्ही नौदलांचे अधिकारी भेटून तक्रारी मांडायचे. भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून हे सुरू आहे, कारगिलनंतरही खंड नाही. दूतावासातले हेर जरूर हाकला (२०१८ मध्ये ब्रिटनमधल्या सॅलिसबरीच्या विषप्रयोगानंतर वीसहून जास्त देशांनी मिळून शंभरावर रशियन अधिकारी घालवले), पण दूतावास बंद केलात तर तुमची तिथली नजरही जाते.

उठवण्याबद्दल: अट आदेशातच लिहिलेली असावी आणि ती पुरी करणं समोरच्याला शक्य असावं. अमेरिकेची जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती १९७४ ची, सोव्हिएत ज्यूंना देश सोडू द्यावा म्हणून. सोव्हिएत संघ गेला, स्थलांतर खुलं झालं, तरी रशियावर ती २०१२ पर्यंत लागू राहिली, कारण अमेरिकी काँग्रेसनं (तिथल्या संसदेनं) केलेला कायदा तिनंच बदलावा लागतो. उलट टोक इराणचं: २०१५ च्या अणुकरारात युरेनियमचं संवर्धन ३.६७ टक्के आणि साठा ३०० किलो इतक्या काटेकोर अटी होत्या, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था त्या पाळल्याचे अहवाल देत होती, आणि २०१८ मध्ये अमेरिकाच बाहेर पडली. अट पाळूनही सुटका नाही हे एकदा दिसलं की पुढच्या वाटाघाटीत आश्वासनाची किंमत घसरते.

---

सुकाणू

खातेवहींना थोडी पुस्ती. त्याच इराण-करारातलं एक कलम बघण्यासारखं आहे. एका पक्षानं भंगाची तक्रार केली की सुरक्षा परिषदेनं ३० दिवसांत सवलत चालू ठेवण्याचा ठराव केला नाही, तर जुने निर्बंध आपोआप परत. म्हणजे नकाराधिकार निर्बंध अडवायला नव्हे, सवलत संपवायला उपयोगी पडतो. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीनं ऑगस्ट २०२५ मध्ये हेच वापरलं आणि सप्टेंबरअखेर निर्बंध परतले. रशिया-चीनचा विरोध कामी आला नाही. उलट युरोपीय संघातले रशियाविरुद्धचे क्षेत्रीय निर्बंध (अर्थव्यवस्थेच्या अख्ख्या क्षेत्रांवरचे) दर सहा महिन्यांनी एकमतानं वाढवावे लागतात, त्यामुळे दर जानेवारी-जुलैत एखादा सदस्य आपली वेगळीच मागणी पुढे करतो आणि बाकीचे त्याची समजूत काढत बसतात.