मागे टांगलेली सायकल, पुढे घाट : डोंगरात एकट्याने राहिलेल्यांचे अनुभव

मंडळी, गेल्या जुलैत मी डेन्व्हरहून २५ फुटी आरव्ही (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेतली, मागच्या स्टँडला सायकल बांधली आणि दहा दिवस रॉकी पर्वतात एकटी राहिले. वय ४९. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, भीती नाही वाटली? भीती वाटली, पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. सोबत कुणी नसताना ‘आता पुरे, इथून परत फिरायचं’ हे कसं ठरवायचं? माझं आधी सांगते, मग तुम्ही सांगा.

मुक्काम ग्लेशियर बेसिन या कॅम्पग्राउंडला होता, साधारण साडेआठ हजार फुटांवर. तिथे विजेची जोडणी नाही आणि जनरेटर ठरलेल्या वेळेतच लावता येतो. पहिली संध्याकाळ चाकांखाली ठोकळे सरकवण्यात गेली. गाडी तिरकी राहिली तर गॅसवर चालणारा फ्रिज नीट गार होत नाही, म्हणून समतल करावीच लागते. एकदा ती ठोकळ्यांवर बसली की दुधासाठीसुद्धा हलवावीशी वाटत नाही. मग सायकल हीच आपली गाडी. एस्टेस पार्क गावात मी रोज सायकलनेच जात होते आणि ते उतरणं-चढणं हाच माझा सराव झाला.

स्वयंपाकाचं एक सांगते. या उंचीवर पाणी सुमारे ९१ अंशांनाच उकळतं. पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाताखाली लागते. मी घरून तीन लिटरचा कुकर नेला होता, तो नसता तर दहा दिवस ब्रेडवर काढले असते. नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त धरा.

सहाव्या दिवशी ट्रेल रिज रोड. १९३२ सालचा हा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि त्यातले अकरा मैल झाडांच्या रेषेच्या वर आहेत. झाडांच्या वर म्हणजे तुमच्यापेक्षा उंच असं तिथे काहीच नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा होतात, त्यामुळे सकाळीच वर जाऊन खाली यायचं, हे सगळेच सांगतात. मी पाचला निघायचं ठरवलं होतं. निघाले साडेसहाला, कारण रात्री झोप लागली नव्हती.

रेनबो कर्व्ह १०,८२९ फुटांवर आहे. तिथपर्यंत श्वास ठीक होता. त्यापुढे झाडं बुटकी होत गेली, वाऱ्याने एका बाजूला वाकलेली, आणि मग संपलीच. खडकांमधून पाइका नावाचे मुठीएवढे प्राणी चिर्र ओरडत होते. मी शंभर पायडल मोजायची आणि थांबायची, पुढे पुढे पन्नास. रॉक कटला पोचले तेव्हा बारा हजार फूट ओलांडले होते. घड्याळात पावणेअकरा आणि पश्चिमेला ढगांचे पांढरे गठ्ठे खालून काळे पडायला लागलेले.

सर्वांत उंच जागा तिथून फार लांब नाही. पण मध्ये रस्ता आइसबर्ग पासला खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. म्हणजे परत येताना तो चढ मला ढगांखाली चढावा लागला असता. कठड्यापाशी पाच मिनिटं उभी राहिले. नवरा बरोबर असता तर आम्ही वाद घातला असता आणि त्या वादात मी बहुतेक पुढे गेले असते. एकटी होते म्हणून फक्त ढगांकडे पाहिलं आणि सायकल वळवली.

उतरताना गारांचा पाऊस लागला. हातमोजे पातळ होते, बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबतोय की नाही हे हँडलकडे बघून ठरवावं लागत होतं. दोनदा थांबून हात काखेत धरले. पहिली वीज माझ्या मागे, वर, कडाडली तेव्हा मी झाडांमध्ये आले होते. आरव्हीत शिरले, हीटर लावला, आल्याचा चहा ठेवला आणि कपडे न बदलताच जमिनीवर बसून राहिले.

तुमचे डोंगर कुठलेही असोत, गाडी मोठी असो की साधी व्हॅन, लिहा. कुठे राहिलात, सायकल कुठे चालवली आणि कुठून परत फिरलात.

*

सिअॅटलहून, वय ३३

ताई, ‘वादात पुढे गेले असते’ हे वाचून मान डोलावली. माझं मोंटानातलं सांगते. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग टु द सन रोडवर २१ फुटांपेक्षा लांब आणि आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडी नेता येत नाही. अॅव्हलांच क्रीक ते रायझिंग सन हा मधला पट्टा लांब आरव्हीला बंद. डोंगर कोरून काढलेला रस्ता आहे, १९३३ साली लोकांना खुला झाला, तेव्हाच्या गाड्या केवढ्या होत्या ते आठवा. माझी गाडी २४ फुटी. कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण त्यामुळेच मी तो रस्ता सायकलवरून पाहिला.

वसंतात वरचा बर्फ काढण्याचं काम महिनोन् महिने चालतं. तेवढ्या काळात फाटकाच्या पलीकडे मोटारी नसतात, फक्त चालणारे आणि सायकलवाले. मी मेअखेरीस गेले. डाव्या हाताला मॅकडॉनल्ड क्रीक बर्फाच्या पाण्याने भरून वाहत होती आणि रस्त्यावर माझ्या टायरशिवाय आवाज नव्हता. पुढे लोगन पासपर्यंत, ६,६४६ फुटांवर, जायची इच्छा होती.

सायकल शांत असते आणि वेगात असते, म्हणूनच अस्वलांच्या मुलखात ती पायी चालण्यापेक्षा धोक्याची. वळणापलीकडे ग्रिझली असेल तर दोघांनाही एकदमच कळतं. म्हणून प्रत्येक वळणाआधी मोठ्याने आवाज द्यायचा. ‘हे बेअर’ ओरडून ओरडून माझा घसा बसला. मग मी पाढे म्हणायला लागले. एकोणीसचा, मग तेविसाचा, आजीने पाठ करून घेतलेले. पाढ्यांना लय असते, पायडलशी जुळते. अस्वलांसाठीचा स्प्रे बॅगेत ठेवू नका, हँडलच्या पिशवीत ठेवा, हात दोन सेकंदांत पोचला पाहिजे.

लूपच्या मोठ्या वळणापाशी वरून दोघे जण उतरत आले. म्हणाले, वर रस्त्याच्या कडेलाच मादी आहे, दोन पिल्लं आहेत. मी अर्धा तास थांबले. मग संत्र सोलून खाल्लं आणि खाली आले. लोगन पास पाहिलेला नाही अजून.

*

न्यू जर्सीहून

छोटंसंच लिहितो, पण वाचाच. व्हाइट माउंटन्समध्ये ऑक्टोबरच्या थंडीत रात्री दोनला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. वाटलं बॅटरी संपली असेल, बटण दाबून परत झोपावं. डोकं जड होतं, ते दिवसभरच्या सायकलमुळे असं धरून चाललो होतो. तरी दार उघडून बाहेर आलो. जागा एकाकी होती म्हणून रात्रीही जनरेटर चालू ठेवला होता. वारा फिरला आणि धूर माझ्याच खिडकीखाली साचला. या वायूला वास नसतो आणि त्याची लक्षणं थकव्यासारखीच असतात. एकट्या माणसाला ‘तू बरा दिसत नाहीस’ म्हणणारं कुणी नसतं. गाडी ताब्यात घेताना तो अलार्म दाबून वाजतो का ते आधी बघा, गादी-पडदे नंतर. आणि झोपताना जनरेटर बंद.

*

कॅल्गरीहून, वय ४१

आइसफील्ड्स पार्कवे, लेक लुईस ते जॅस्पर, २३२ किलोमीटर. मध्ये पेट्रोल एकाच ठिकाणी, सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगला, त्यामुळे टाकी भरूनच निघावं.

एकट्याची खरी अडचण कुणी लिहिली नाही म्हणून सांगतो. गाडी चालवत पुढच्या मुक्कामी आणायला कुणी नसतं. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल चालवणं विसरायचं, जिथे गाडी तिथेच परतायचं. मी सुरुवातीला यावर हळहळलो. मग घाट अर्धा-अर्धा वाटून घेतला. वॉटरफाउल लेक्सला मुक्काम टाकून तिथून दक्षिणेला बो समिटपर्यंत (२,०८८ मीटर) चढलो आणि उतरून आलो. दुसऱ्या दिवशी गाडी पुढे नेली आणि सनवाप्टा पास दोन्ही अंगांनी केला. एकाच घाटाच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळे घाट असतात. वारा वेगळा, ऊन वेगळं. दक्षिणेकडून चढताना मोठं वळण घेऊन रस्ता भिंतीसारखा उभा राहतो, तिथे मी उतरून ढकलली.

अथाबास्का हिमनदीपाशी ती पूर्वी कुठपर्यंत होती याच्या सालांच्या पाट्या आहेत. सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे सरली आहे. मी सायकल लावून त्या पाट्यांवरून चालत गेलो. माझ्या जन्मसालापासून आजच्या बर्फापर्यंत चालायला जेवढा वेळ लागला, तेवढा लागायला नको होता. त्या दिवशी पुढे सायकल चालवली नाही.

*

मुलाकडे टेक्सासला आलेला, मूळचा कोल्हापूरचा, वय ६६

मी एसटीत २८ वर्षं चालक होतो. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाट. पावसाळ्यातलं धुकं, समोर ट्रकचा एकच दिवा. त्यामुळे मोठ्या गाडीची भीती नव्हती, उजव्या बाजूने चालवण्याची सवय मात्र करावी लागली. मुलगा नको म्हणत होता. सुनेने बाजू घेतली.

कोलोरॅडोतलं ड्युरँगो गाव. तिथून सिल्व्हरटनला जाताना दोन खिंडी लागतात, कोल बँक १०,६४० फूट आणि मोलास १०,९१०. आमच्या वेळी जुने चालक शिकवायचे, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. इथे गाडी ऑटोमॅटिक, पण गिअर खाली पाडायची सोय असते. भाड्याने देणाऱ्या माणसाने ती दाखवलीच नाही, मी विचारून घेतली. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसलात की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग ते धरत नाहीत. गाडी इंजिनावर सोडायची, ब्रेक थोडा वेळ नीट दाबायचा आणि सोडायचा. पाठीमागे रांग लागली तर रुंद जागी बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ द्यायचं. घाई त्यांची असते.

सिल्व्हरटनला ९,३०० फुटांवर तीन रात्री राहिलो. सकाळी मुलाची सायकल घेऊन नदीच्या कडेने खाणींच्या जुन्या वस्तीकडे जायचो, हॉवर्ड्सव्हिलपर्यंत. कच्चा रस्ता, पण चढ सोसवतो. शाळेत असताना सात किलोमीटर सायकलने जायचो, त्यानंतर आत्ताच. दुपारी ड्युरँगोहून कोळशाच्या वासाची छोटी आगगाडी यायची. १८८२ पासूनचा तो मार्ग. स्टेशनवर उभं राहून बघायचो.

पुढे उरे गावाला जायचा बेत होता. रेड माउंटन पास, ११,०१८ फूट, मोठ्या भागात कठडाच नाही. सिल्व्हरटनहून जाताना आपण डोंगराच्या अंगाला असतो, येताना दरीच्या. जाणं मला जमलं असतं. येताना पाऊस असता, समोरून तेवढीच मोठी गाडी आली असती, तर उजवं चाक कुठे आहे हे सांगायला वाहक नव्हता. घाटात माझा वाहक खाली उतरून हाताने दाखवायचा, येऊ दे, येऊ दे, बस. सिल्व्हरटनलाच गाडी वळवली. मुलाला फोन करून सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच म्हणाला, बाबा, पुढच्या वर्षी परत जा.

*

नाशिकहून, वय ३८

आमच्याकडे आरव्ही नाही. मारुती ईको व्हॅनची मागची सीट काढून फळी टाकली, त्यावर गादी, वर सायकल. स्पितीला सिमल्याच्या बाजूने गेलो, मुद्दाम. मनालीहून गेलं की एकाच दिवसात साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड ओलांडावी लागते. किन्नौरकडून उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होत जाते. नाकोला एक रात्र, ताबोला दोन. ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इ. स. ९९६ चा आहे. बाहेरून मातीच्या ढिगासारखा दिसतो आणि आतल्या अंधारात डोळे स्थिरावले की भिंतींवरची चित्रं दिसायला लागतात.

काझाहून सायकलने ‘की’ नावाच्या गोंपाला, ४,१६६ मीटर, आणि तिथून किब्बर असा बेत. ‘की’पर्यंत पोचलो. तिथे पायऱ्यांवर बसून केळ खाताना लक्षात आलं की मला सालीकडे आणि गराकडे दोनदा बघावं लागतंय. डोकं सकाळपासून दुखत होतं. मी ताकाचं पाकीट, झोप, ऊन, सगळी कारणं देऊन झालो होतो. निघताना ज्या घराशेजारी गाडी लावली होती, तिथल्या आमांना सांगून गेलो होतो की चारपर्यंत येतो. दोनलाच आलो. त्यांनी तोंड बघितलं आणि म्हणाल्या, आज इथे झोपू नकोस, ताबोला खाली जा. गाडी चालवू नकोस, माझा पुतण्या नेईल. उतरलो. रात्री नऊला भूक लागली, तेव्हा कळलं की बरं वाटतंय.

त्यामुळे ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की मी ठरवलं नाही, त्या आमांनी ठरवलं. तेव्हापासून जिथे मुक्काम तिथे शेजारच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवतो. भाषा येत नसली तर घड्याळावर बोट ठेवून.

*

सुरुवात करणारी, पुन्हा

सगळ्यांचं वाचलं. काकांचं वाहकाचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. घड्याळावर बोट ठेवण्याचं मी उचलणार आहे. कॅम्पग्राउंडवर कुणाला न सांगता मी रोज निघून जात होते, हे आता अंगावर येतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जातेय. तोवर विजा कमी झालेल्या असतात आणि रस्ता साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडा असतो. जाड हातमोजे घेतलेत. रात्री आठला झोपून पहाटे चारला उठायचा सराव घरीच सुरू केलाय. कुकरची रबरी रिंग नवी घातली.