फ्लिंटचे स्पार्क प्लग आणि पितळी टोकने: हळहळ नेमकी कशाची?

धागाकर्ता: सरोवरकाठ

मिशिगनमधील फ्लिंट शहरात मी तीस वर्षांहून अधिक काळ राहत आहे. एखाद्या घरातील म्हातारे माणूस गेले की त्याचे सामान जागच्या जागी विक्रीला मांडतात, त्याला इकडे ‘एस्टेट सेल’ म्हणतात, आणि शनिवारी अशा ठिकाणी चक्कर टाकणे हा माझा जुना नाद आहे. गेल्या महिन्यात अशाच एका तळघरातून मी ओक लाकडाची एक पेटी आणली. ओहायोतील डेटन येथे गर्स्टनर कंपनी 1906 पासून टूलरूममधील, म्हणजे कारखान्याची हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागातील, कारागिरांसाठी अशा पेट्या बनवते. अकरा खण, प्रत्येक खणात हिरवे फेल्ट, आणि मधल्या उंच खणात हँडबुक ठेवायची जागा. आत स्टॅरेट कंपनीचा एक मायक्रोमीटर, म्हणजे सूक्ष्म मापे घेण्याचे उपकरण, होता आणि त्याच्या कमानीवर मालकाची आद्याक्षरे कोरलेली होती. त्याखेरीज पेन्सिलीने भरलेली एक खिशातली वही होती आणि एकाच क्रमांकाची चार पितळी टोकने होती. टूल स्टोअरमधून रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) किंवा गेज (मापक) नेताना कामगार आपले टोकन खिडकीवर देत असे आणि ते त्या हत्याराच्या रिकाम्या खुंटीला अडकवले जाई. पाळी संपताना खुंटीवर टोकन दिसले, तर कोणाला हाक मारायची हे स्टोअरकीपरला ठाऊक असे.

आल्बर्ट शॅम्पियन या फ्रेंच सायकलपटूने 1908 मध्ये या गावात इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचा कारखाना काढला आणि ‘एसी’ ही त्याची आद्याक्षरे पुढे जगभर गेली. एका अंगठ्याएवढ्या वस्तूत चिनीमातीचा इन्सुलेटर, पोलादी कवच, आटे आणि इलेक्ट्रोड असे सगळे असते, आणि ते लाखोंच्या संख्येने घडवण्यासाठी गावातील निम्म्या गल्ल्या पहाटे उठत असत. शाळा संपवून थेट शॉपफ्लोअरवर गेलेला माणूस घर घेत असे, मुलांना कॉलेजात पाठवत असे आणि उत्तरेकडे एखाद्या तळ्याकाठी छोटी झोपडीही बांधत असे. 1960 मध्ये फ्लिंटची लोकसंख्या सुमारे 1 लाख 97 हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 81 हजारांवर आली.

कारखान्यांच्या या भरभराटीच्या काळाबद्दल कोणी हळहळ व्यक्त केली की सुशिक्षित मंडळी हल्ली हसतात आणि दोन्ही पक्षांचे पुढारी तिचा निवडणुकीत वापर करतात. मला दोन्ही गोष्टी खटकतात. माझे म्हणणे असे की ही हळहळ खरी आहे, कारण जे गेले तेही खरे होते: हाताने वस्तू घडवणाऱ्याला गावात मिळणारी पत आणि उद्याची खात्री. आपणास काय वाटते?

प्रतिसाद: अडकित्ता

पेटीचे वर्णन आवडले, परंतु आपल्या मांडणीतील ‘उद्याची खात्री’ हे शब्द मला मान्य नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे ही पत कारखान्याने दिली नव्हती. 30 डिसेंबर 1936 रोजी आपल्याच गावातील, जनरल मोटर्सच्या गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या फिशर बॉडीच्या कारखान्यांत कामगार यंत्रांजवळ ठाण मांडून बसले आणि 44 दिवसांनी, 11 फेब्रुवारी 1937 रोजी, जनरल मोटर्सने युनियनला मान्यता दिली. मधल्या काळात पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्या चालवल्या, आणि लाल टोप्या घातलेल्या बायकांनी आत कोंडलेला धूर बाहेर जावा म्हणून शेव्हरलेच्या एका कारखान्याच्या खिडक्या फोडल्या. आपण ज्याची आठवण काढता ते पेन्शन, महागाईनुसार वाढणारा पगार आणि आरोग्यविमा हे सारे त्यानंतर एकेका करारातून आले. 1950 चा पाच वर्षांचा करार त्यातला सर्वांत मोठा, आणि त्याला ‘डेट्रॉइटचा तह’ म्हणतात, ते उगाच नव्हे. तह लढाईनंतरच होतो. तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तीचा हक्कही 1970 च्या 67 दिवसांच्या संपानंतरच पदरात पडला, म्हणजे ज्या दशकांवर आपण जीव टाकता ती तोवर उलटून गेली होती.

दुसरी गोष्ट खात्रीची. दर वर्षी उन्हाळ्याअखेर मॉडेल बदलताना कारखाने बंद राहत आणि घरी बसावे लागे. 1955 मध्ये अमेरिकेत सुमारे 79 लाख मोटारी तयार झाल्या, 1958 मध्ये 42 लाखांच्या आसपास. मधल्या फरकाचे प्लग, डायनॅमो आणि दिवे कोणी बनवले? कोणीच नाही, ते हात बेकार होते. बेकारभत्त्याला कंपनीने भर घालावी ही तरतूद युनियनने 1955 मध्येच मिळवली होती. काम बारमाही असते तर तिच्यासाठी भांडायची गरजच पडली नसती.

प्रतिसाद: बोनेटखाली

मी निवृत्त मोटार मेकॅनिक आहे, त्यामुळे हा प्रश्न मला कारखान्याच्या दारातून न दिसता बोनेट उघडल्यावर दिसतो.

त्या काळच्या आठ सिलिंडरच्या गाडीत आठ प्लग असत आणि साधारण दहा हजार मैलांवर ते बदलावे लागत. प्रत्येक प्लगला वेळेवर वीज पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट आणि कंडेन्सर हे भागही जवळपास त्याच सुमारास बदलले जात. म्हणजे एका गाडीला लाख मैल पळवायचे तर ऐंशी प्लग लागत. आजचे प्लॅटिनम किंवा इरिडियमचे प्लग पुष्कळदा तेवढे अंतर एका संचात काढतात. ऐंशींचे आठ झाले, आणि पॉइंट तर नाहीसेच झाले. क्रायसलरने 1973 पर्यंत आणि जनरल मोटर्सने 1975 पर्यंत आपल्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणले. ग्राहकाला त्याचा आनंदच झाला. पॉइंटची फट फीलर गेजने जुळवताना थंडीत बधिर झालेली माझी बोटे मला अजून आठवतात, त्यामुळे मी तरी त्यांच्यासाठी रडणार नाही.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. प्लग इतक्या लवकर खराब होण्याचे एक कारण पेट्रोलमधील शिसे होते, कारण त्याचा थर इलेक्ट्रोडवर बसत असे. हे शिसे पेट्रोलमध्ये घालण्याचा शोध 1921 मध्ये डेटनला चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखालील प्रयोगशाळेत लागला. हेच केटरिंग गाड्यांची विजेची उपकरणे बनवणाऱ्या डेल्को कंपनीचे संस्थापक, आणि 1912 च्या कॅडिलॅकला हँडल मारण्यातून सोडवणारा इलेक्ट्रिक स्टार्टरही त्यांचाच. एका माणसाच्या दोन शोधांपैकी एकाने माणसांचे मनगट वाचवले आणि दुसऱ्याने साऱ्या देशाच्या हवेत शिसे सोडले. पुढे 1975 च्या गाड्यांत धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, त्याला शिसे चालेना, आणि बिनशिशाच्या पेट्रोलवर प्लग टिकू लागले.

कारखाने मेक्सिकोत आणि चीनमध्ये गेले हे खरेच, परंतु कामाचा मोठा वाटा कोठेही गेला नाही. वस्तू टिकाऊ झाली, आणि ती वारंवार घडवण्याचे काम संपले. ते परत आणायचे असेल तर आपणास वाईट प्लग बनवावे लागतील.

प्रतिसाद: ओसरी

अजून कोणी विचारले नाही म्हणून विचारते: ही पत कोणाची?

जून 1943 मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती मिळाली, तेव्हा सुमारे 25 हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. त्या वेळी तेथे मोटारी नव्हे, तर महायुद्धासाठी विमानांची इंजिने बनत होती, तरीही. त्याच महिन्यात शहरात दंगल उसळली आणि 34 माणसे मेली. फ्लिंटची गोष्ट फार निराळी नाही. कृष्णवर्णीयांना बहुधा फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या विभागात, नाहीतर झाडूकामावर घेत असत. राहायला सेंट जॉन आणि फ्लोरल पार्क या दोनच वस्त्या होत्या. त्यातली पहिली ब्यूइकच्या कारखान्याला खेटून, त्याच्या धुरात. पुढे महामार्गासाठी या दोन्ही वस्त्या पाडल्या गेल्या. टूलरूम तर या लोकांना जवळजवळ बंदच होती, त्यामुळे आपल्या ओकच्या पेटीचा मालक गोरा असणार असा अंदाज मी न पाहताच करते.

आपण आणि मी या देशात आलो ते 1965 च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर दार किलकिले झाले म्हणून. आपण म्हणता त्या सुवर्णकाळात आपल्याला मुळात गावातच घेतले नसते, आणि जेथे आपल्याला जागा नव्हती त्या ओसरीची आठवण काढून आपण गहिवरतो, याचे मला नवल वाटते.

प्रतिसाद: सरोवरकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ओसरी यांचा अंदाज बरोबर आहे. त्या घराच्या भिंतीवरील छायाचित्रे मी पाहिली आहेत.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगावीशी वाटते. फाउंड्रीतील जे कृष्णवर्णीय कामगार साठच्या दशकात भांडून यंत्रांवर आणि मग असेंब्लीवर आले, त्यांच्या मुलांशी मी इथे रोज बोलतो, आणि हळहळ त्यांच्या बोलण्यातही आहे. किंबहुना ती अधिक कडवट आहे, कारण त्यांच्यासाठी दार उघडले आणि थोड्याच वर्षांत इमारतच पाडली गेली. जनरल मोटर्सचे सुट्या भागांचे कारखाने 1999 मध्ये डेल्फाय या नावाने वेगळे काढण्यात आले आणि 2005 मध्ये डेल्फायने दिवाळखोरी जाहीर केली. नुसत्या ‘गोऱ्या म्हाताऱ्यांचे उसासे’ म्हणून हा विषय संपवला, तर या माणसांना दुसऱ्यांदा बाहेर काढल्यासारखे होते.

बोनेटखाली यांच्या ऐंशी आणि आठच्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः वीस वर्षे एका सुट्या भागांच्या कंपनीत भाग अधिक टिकाऊ करण्याचेच काम केले, हे येथे कबूल करतो.

अडकित्ता यांना मात्र एवढेच म्हणेन की एखादी गोष्ट लढून मिळवली म्हणून तिची आठवण खोटी ठरत नाही. उलट, आमच्या शेजारच्या एका निवृत्त प्रेस ऑपरेटरला (पत्रा दाबणारे यंत्र चालवणाऱ्याला) प्लगांविषयी काहीच बोलायचे नसते. त्याच्या आठवणी सगळ्या आपल्या कमिटीमनच्या, म्हणजे युनियनच्या कारखान्यातील प्रतिनिधीच्या, आणि संपाच्या स्वयंपाकघरातील आहेत.

प्रतिसाद: तिसरी पाळी

मी चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. नाव सांगत नाही. अमेरिकेचा इतिहास मला ठाऊक नाही, पण सरोवरकाठ यांनी शेजाऱ्याचा उल्लेख केला म्हणून विचारतो: त्या प्रेस ऑपरेटरची बोटे किती आहेत आणि त्यांना ऐकू कितपत येते? आमच्या प्रेसशॉपमध्ये कानात बोळे घालूनही घरी गेल्यावर टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. अमेरिकेत कामाच्या जागी सुरक्षिततेचा मोठा कायदा 1970 मध्ये आला असे वाचले आहे, म्हणजे पन्नासच्या दशकात काय चालत असेल, याची कल्पना करवते.

तरीही मत द्यायचे तर मी सरोवरकाठ यांच्या बाजूने देईन. आमच्या लाइनवर चाळीस जण आहेत आणि त्यात कायम फक्त नऊ आहेत. उरलेले ठेकेदाराचे, सात-आठ महिन्यांनी बदलणारे. त्यांच्यातील कोणी स्वतःच्या पैशाने मायक्रोमीटर विकत घेऊन त्यावर नाव कोरेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

प्रतिसाद: सरोवरकाठ (धागाकर्ता)

डाव्या हाताची साडेतीन. आणि ऐकण्याच्या यंत्रावाचून काहीही ऐकू येत नाही.

प्रतिसाद: अडकित्ता

तिसरी पाळी यांनी दोन ओळींत जे विचारले, त्याला माझे चार परिच्छेद पुरे पडले नसते. त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याशीही मी सहमत आहे, परंतु त्यातून सिद्ध होते ते कराराचे मोल, कारखान्याचे नव्हे.

धागाकर्त्यांना एक विनंती आहे. पेटीत पेन्सिलीने भरलेली वही असल्याचे आपण सुरुवातीला लिहिले आणि नंतर तिच्याबद्दल एक अक्षरही काढले नाही. ती कोणत्या वर्षांची आहे? 1958 असेल तर ती पाने आपण वाचली आहेत का?

प्रतिसाद: सरोवरकाठ (धागाकर्ता)

वाचली होती, आणि ती माझ्या मांडणीला सोयीची नसल्यामुळे मी गप्प राहिलो, हे आपण अचूक ओळखलेत.

वही 1957 ते 1960 ची आहे. दर आठवड्याला एक ओळ आणि ओळीत रोजचे तास, बहुतेक ठिकाणी आठ, कधी दहा, कधी शनिवारचे सहा. फेब्रुवारी 1958 च्या दुसऱ्या आठवड्यापासून तासांच्या जागी आडव्या रेघा सुरू होतात. त्या मी मोजल्या, सव्वीस आहेत. मे महिन्यात तीन ठिकाणी रेघेशेजारी ‘छप्पर, मेव्हण्याबरोबर’ असे लिहिले आहे आणि पुढे डॉलरमध्ये एक छोटी रक्कम आहे. ऑगस्टमध्ये पुन्हा आठाचे आकडे दिसू लागतात.

या रेघांच्या काळातल्या एका पानाच्या कोपऱ्यात ‘मायक्रोमीटर, एक इंची’ असे लिहून पुढे किंमत मांडली आहे आणि ती पेन्सिलीने इतकी गिरवून खोडली आहे की कागद फाटला आहे. तीच नोंद पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पुन्हा येते, आणि या वेळी तिच्यापुढे बरोबरची खूण आहे.