वीजगाडी म्हणे कालचं पोर!

जुनाखटारा:
काल इथे एका सदस्याने ठोकून दिलं, "विजेची गाडी म्हणजे दहा-पंधरा वर्षांचं फॅड. खरी मोटार पेट्रोलवर जन्मली, पेट्रोलवरच वाढली." तेव्हापासून डोकं तडकलंय. ताशी शंभर किलोमीटरचा आकडा पहिल्यांदा कुठल्या मोटारीने ओलांडला? विजेच्या! 29 एप्रिल 1899, पॅरिसजवळचं आशेर, चालक बेल्जियमचा कामी जेनात्झी, वेग 105 च्या वर. गाडी तोफगोळ्यासारखी निमुळती, आणि हा पठ्ठ्या वर उंटावर बसल्यासारखा! दुसरं, हेन्री फोर्डने जगाला पेट्रोलवरची मॉडेल टी विकली, पण घरी बायकोला, क्लाराबाईंना काय घेऊन दिलं? डेट्रॉइट इलेक्ट्रिक, म्हणजे विजेची गाडी!

घाटातला_राजा:
तो "एक सदस्य" मीच. नाव घ्यायला लाजताय कशाला? सपाट रस्त्यावर दोन मिनिटं पळून दाखवलं, पुढे काय? त्याच्या 11 वर्षं आधी, ऑगस्ट 1888 मध्ये, जर्मनीत मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता त्याच्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीत दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटर! इंधन संपत आलं तेव्हा वीसलोखला औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखं द्रव, घेतलं. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. तुमची बॅटरी बसली की पिन कुठे खुपसणार?

सोसायटीपीडित:
बॅटरीवरून आठवलं. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटसाठी दीड वर्ष अर्ज पडून आहे. सेक्रेटरी म्हणतात आग लागेल. त्यांच्याच गॅलरीत तीन गॅस सिलिंडर आहेत.

जुनाखटारा:
राजे, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. बर्थाबाईंना वाटेत एक पंप नव्हता तरी त्या गेल्या, आणि तुम्ही चार्जर नाही म्हणून गळा काढताय! शिवाय पेट्रोल गाडी घराघरांत पोचली ती कशामुळे? आधी इंजिन चालू करायला हँडल मारून मनगटं मोडायची. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंग नावाच्या इंजिनिअरचा सेल्फ स्टार्टर आला तेव्हा लोक सुटले. स्टार्टर म्हणजे काय? विजेची मोटर! वीजगाडीचा गळा विजेनेच कापला.

विहिरीवरचा:
मनगटं मोडायची ती शहरातल्यांची. आम्ही दहावीत असल्यापासून ऑइल इंजिनला हँडल मारलंय. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. उलटा झटका बसला तर हँडल हातातून सुटतं, हाड वाचतं.

घाटातला_राजा:
अंगठा न वळवता पकड येते होय? आमच्या काकांच्या जीपला मी तीन वर्षं हँडल मारलं, मूठ घट्ट आवळून. काही झालं नाही.

विहिरीवरचा:
नशीब म्हणा. माझ्या चुलतभावाचा अंगठा अजून वाकडा आहे. फोटो टाकू का?

घाटातला_राजा:
नको, जेवतोय.

कुर्ल्याची_पोर:
अंगठे राहू द्या. आमची पद्मिनी हँडलवर नाही, धक्क्यावर चालू व्हायची. अख्खी चाळ ढकलायला. कुर्ल्याला बनलेली अस्सल आपली गाडी!

जुनाखटारा:
आपली कसली? फियाट 1100 चं इटालियन आरेखन. फक्त जुळणी आणि नाव इथलं.

कुर्ल्याची_पोर:
"फक्त जुळणी"? माझे बाबा त्या कारखान्यात 22 वर्षं होते. सुटे भागही इथेच बनायचे. तुमच्या बेल्जियन उंटस्वाराला कुर्ल्यात आणून विचारा.

जुनाखटारा:
बरं, शब्द मागे. बाबांना नमस्कार सांगा.

घाटातला_राजा:
अरे वा, हे माघारही घेतात! मग मीही घेतो. वीजगाडी कालची नाही, मान्य. 1899 पासून चार्जिंगला लावलेली आहे.

सोसायटीपीडित:
तुमची निदान लागली तरी.

विहिरीवरचा:
फोटो टाकला आहे. अंगठा बघा.