दोन उन्हाळे प्रयोगशाळेत

"सुट्टीत शिक्षकांना संशोधनाला पाठवून वर्गात काय फरक पडतो?" असा प्रश्न मला विचारला गेलाय. फरक पडतो, आणि तो मोजलाही गेलाय.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सॅम्युएल सिल्व्हरस्टीन यांनी १९९० मध्ये माध्यमिक शाळांच्या विज्ञान शिक्षकांसाठी असा उपक्रम सुरू केला. लागोपाठ दोन उन्हाळे, दर वेळी आठ आठवडे, तेही चालू असलेल्या खऱ्या संशोधनात. आठवड्यातला एक दिवस मात्र सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसायचं. (मला तर हा दिवसच सर्वांत मोलाचा वाटतो.) २००९ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात त्याचा अभ्यास आला. सुरुवातीला या शिक्षकांचे विद्यार्थी आणि त्याच शाळांतल्या इतर शिक्षकांचे विद्यार्थी न्यूयॉर्क राज्य घेतं त्या 'रीजंट्स' या शालेय परीक्षेत सारखेच होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी पुढे गेलं. म्हणजे धीर धरावा लागतो.

मीही नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एका मे महिन्यात तीन आठवडे संशोधन संस्थेत काढले. पहिल्या दिवशी मायक्रोपिपेटचं (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायच्या उपकरणाचं) बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढला; ओढताना ते पहिल्याच टप्प्यापर्यंत दाबायचं असतं. प्रत्येक नळीत जास्तच गेला आणि नमुन्यातले रेणू ज्यावर वेगळे होऊन पट्ट्यांसारखे दिसतात, त्या जेलवर एकही पट्टा उमटला नाही. मार्गदर्शक मॅडम रागावल्या नाहीत. "जे केलंत ते वहीत लिहा," एवढंच म्हणाल्या.

आमची मुलं आधी निष्कर्ष उतरवतात, मग निरीक्षणं जुळवतात. आता माझ्या वर्गात फसलेला प्रयोगही जर्नलमध्ये जसाच्या तसा येतो, आणि त्यालाही पूर्ण गुण मिळतात.