स्कायरिम: फोर्टिफाय डेस्ट्रक्शन घालूनही डॅमेज का वाढत नाही? मॅजिकाचं कुठलं पोशन कधी प्यायचं?

आगपेटी_मेज
स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये माझं डेस्ट्रक्शन (मारक मंत्रांची विद्या) 60, अल्केमी (पोशन म्हणजे जादुई औषधं बनवण्याची विद्या) 40. अल्केमीच्या पर्कपैकी (स्किलसोबत निवडायच्या खास क्षमता) अल्केमिस्टचे तीन रँक आणि बेनिफॅक्टर घेतलेत. टोपी, झगा, अंगठी, गळ्यातलं, चारही वस्तूंवर फोर्टिफाय डेस्ट्रक्शनचं एन्चांट (वस्तूवर बसवलेली जादू) आहे, पण फायरबोल्ट या आगीच्या मंत्राचं डॅमेज 25 वरून हलत नाही. दुकानात त्याच नावाचं पोशन दिसतं, ते तरी वेगळं काही करतं का? शिवाय रिस्टोर, फोर्टिफाय आणि रिजनरेट मॅजिका (मॅजिका म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती) या तिघांतलं नेमकं कुठलं जवळ ठेवावं?

खलबत्ता
नाव एकच, काम वेगळं. कपड्यांवरचं फोर्टिफाय डेस्ट्रक्शन मंत्राचा खर्च कमी करतं, पोशन मंत्राचा मार वाढवतं. स्किल वाढवूनही फक्त खर्चच उतरतो. त्यामुळे मार वाढवायचा तर हातात उरतं काय? ऑगमेंटेड फ्लेम्ससारखे पर्क, ड्युअल कास्टिंग (दोन्ही हातांनी एकच मंत्र) आणि हे पोशन. खेळ बनवणाऱ्या बेथेस्डाने दोन्हींना एकच नाव दिलं, म्हणून 2011 पासून हाच प्रश्न फिरतोय.

बाकीच्या विद्यांचं गणित आणखी निराळं. कॉन्ज्युरेशन आणि अल्टरेशनच्या पोशनने मंत्र जास्त वेळ टिकतो, इल्यूजनच्या पोशनने जास्त लेव्हलच्या शत्रूंवरही मंत्र चालतो. पोशन मंत्राच्या आधी प्यायचं. अ‍ॅट्रोनाक हा कॉन्ज्युरेशनचा साथीदार बोलावून झाल्यावर प्यायलात तर उपयोग नाही.

तुमच्यासाठी कृती सोपी आहे: नाइटशेड + ग्लोइंग मशरूम. या दोघांत फोर्टिफाय डेस्ट्रक्शन हा एकच गुण सामाईक, त्यामुळे पोशन स्वच्छ निघतं. नाइटशेडमध्ये तो चौथा गुण आहे, नुसतं खाऊन कळत नाही. थेट मिसळा, आपोआप उघडेल. नाइटशेड दफनभूमीच्या आसपास सापडतं, मशरूम गुहांच्या भिंतींवर.

मशरूमऐवजी ग्लो डस्ट टाकलं तर डॅमेज मॅजिका रिजनही (मॅजिका भरणं मंदावणं) सोबत येतं, एक्टोप्लाझम टाकलं तर डॅमेज हेल्थ. अशा मिश्रणाचं पोशन होणार की विष, हे सगळ्यात महाग गुणावरून ठरतं. प्युरिटी पर्क असे नको ते गुण काढून टाकतो, पण तो अल्केमी 100 ला मिळतो. तोवर जोड्या नीट निवडा.

टक्केवाला
आकडे देतो. या गुणाचा पाया 5, त्याला चारने गुणून 20. स्किल 100 असेल तर दीडपट, म्हणजे तुमच्या 40 ला 1.2 पट: 24. अल्केमिस्टच्या तीन रँकचे 60 टक्के धरून 38.4. बेनिफॅक्टरचे 25 टक्के धरून 48. म्हणजे आत्ताच, अल्केमीचा एकही एन्चांट न घालता, 60 सेकंदांसाठी 48 टक्के. फायरबोल्ट 25 वरून 37.

स्किल 100 आणि अल्केमिस्टचे पाचही रँक झाले की 75 टक्के. त्यावर 25 टक्क्यांच्या फोर्टिफाय अल्केमीच्या चार वस्तू घातल्या की 150. या वस्तू डोकं, हात, अंगठी आणि गळ्यासाठी, म्हणजे तीन जागा तुमच्या लढाईच्या सेटशी भिडतात. म्हणून दोन सेट ठेवायचे. पोशनची ताकद बनवतानाच ठरते, प्यायच्या वेळी काय घातलंय याने फरक पडत नाही.

इन्व्हेंटरी उघडली की खेळ थांबतो, तेव्हा शत्रू समोर आल्यावरच प्या. दोन खोल्या आधी प्यायलं तर ती 60 सेकंदं चालण्यातच जातात.

खलबत्ता
मॅजिकाबद्दल राहिलंच. रिस्टोर लगेच भरतं. फोर्टिफाय 60 सेकंदांसाठी साठा मोठा करतं. रिजनरेट 300 सेकंद टिकतं आणि तिथेच लोक फसतात: मॅजिका एरवी सेकंदाला 3 टक्क्यांनी भरते, लढाईत त्याच्या तिसऱ्या हिश्शाने. साठा 300 असेल तर लढाईत सेकंदाला 3. रिजनरेट 100 टक्क्यांचं असलं तरी 6. ऐन मारामारीत हे पुरत नाही, तिथे रिस्टोरच. रिजनरेट (लसूण + मिठाचा ढीग) दोन चकमकींच्या मधल्या वेळेला ठीक.

आणि तुमच्या चार वस्तू प्रत्येकी 25 टक्क्यांच्या झाल्या की डेस्ट्रक्शनचे मंत्र फुकट. मग या तिन्ही पोशनचं डेस्ट्रक्शनपुरतं काम संपलं, बाटली फक्त मार वाढवणारी ठेवा.

आगपेटी_मेज
माझ्या वस्तू अजून 15-18 टक्क्यांच्या आहेत, म्हणजे मॅजिका लागणारच. रिस्टोर आणि फोर्टिफाय एकाच बाटलीत बसवायला रेड माउंटन फ्लॉवर + क्रीप क्लस्टर + जॅझबे ग्रेप्स चालेल?

टक्केवाला
चालेल, पण वीकनेस टू मॅजिक (जादूपुढे कमजोरी) मागच्या दाराने घुसेल. क्रीप क्लस्टर आणि जॅझबे दोन्हींत तो आहे. तीन घटक टाकले की जोड्याही तीन होतात, तिन्ही तपासायच्या. जॅझबेच्या जागी टंड्रा कॉटन टाका, कॉटन आणि क्लस्टरमध्ये काहीच सामाईक नाही. कॉटन व्हाइटरनच्या माळावर हवं तेवढं, क्लस्टर विंडहेल्मच्या दक्षिणेला गरम झऱ्यांच्या भागात.

आणि एकाच गुणाचा तिसरा घटक घालून टक्के वाढतील असं समजू नका. नाइटशेड आणि मशरूमसोबत विस्प रॅपिंग्ज टाकलं तरी 48 चे 48च राहतात, जिन्नस मात्र वाया जातो.

मॉड_ऑर्डर
एक सावधानता: फोर्टिफाय रिस्टोरेशन पिऊन अल्केमीचे कपडे काढून परत घालण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. मूळ खेळात त्या पोशनने अंगावरच्या एन्चांटमेंटही फुगतात, मग पुढचं पोशन आणखी जोरदार, असं चक्र चालतं. अनऑफिशियल पॅच (चाहत्यांनी बनवलेली दुरुस्ती) घातला असेल तर ते बंद आहे. नसेल आणि करायचंच असेल तर आधी वेगळा सेव्ह करा आणि दोन-तीन फेऱ्यांत थांबा. त्यापुढे आकडे मावेनासे होऊन उणे दिसायला लागतात आणि खेळ कोसळतो.